घरात एएलएसचा रुग्ण: काय करायचं, आणि कशाच्या आधी

आईला एएलएस असल्याचं कळलं तेव्हा या आजाराबद्दल आमच्या घरात एकच माहिती होती: स्टीफन हॉकिंग. धीर द्यायला येणारा प्रत्येक जण त्यांचंच नाव घेई. हॉकिंगना १९६३ साली, एकविसाव्या वर्षी निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले हे खरं. पण ते उदाहरण बाजूला ठेवा. बहुतेक रुग्णांना लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षं मिळतात, दहांत एखादा दहा वर्षांच्या पुढे जातो. पुढचं सगळं नियोजन या हिशेबानं करायचं असतं, म्हणून आकडे आधीच सांगितले.

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू मरतात. हात, पाय, जीभ, घसा आणि शेवटी श्वासाचे स्नायू निकामी होत जातात. सुरुवात कुठूनही होऊ शकते. आईची जिभेपासून झाली. स्पर्श कळतो, दिसतं, ऐकू येतं, डोळे हलतात, लघवी-शौचाची जाणीव बहुधा शाबूत राहते. आजार संसर्गजन्य नाही, आणि दहांतल्या नऊ घरांत तो आनुवंशिकही नसतो. म्हणजे सुनेनं ताटात वाढलं म्हणून किंवा नातवाला मांडीवर घेतलं म्हणून काही होत नाही. हे आमच्या इंदूरच्या गोतावळ्यात अनेकदा सांगावं लागलं, तुम्हालाही लागेल.

आवाज, सही, घास, श्वास, प्रत्येकाची एक मुदत असते आणि त्या मुदतीच्या आत उरकायची कामं ठरलेली असतात. खालचा क्रम त्यावरून लावलाय. तुमच्याकडे सुरुवात हातापासून झाली असेल तर पायरी ३ आधी घ्या.

१. निदान पक्कं करा, पण त्यात वर्ष घालवू नका

एएलएस आहे असं सांगणारी एकच एक रक्ततपासणी नाही. न्यूरॉलॉजिस्ट हातापायांची ताकद, जीभ, प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात. मग ईएमजी (स्नायूंतल्या विजेची तपासणी), नर्व्ह कंडक्शन (नसांतून संदेश कसा जातो ते बघणारी तपासणी), मेंदूचा व मानेचा एमआरआय, काही रक्ततपासण्या. बाकीचे आजार वगळत वगळत निदानापर्यंत येतात.

इथे मानेचा सापळा मोठा आहे. पन्नाशीच्या पुढे कुणाचाही मानेचा एमआरआय काढा, मणक्यांची थोडीफार झीज दिसणारच. हाताची पकड सुटतेय आणि एमआरआयमध्ये झीज दिसतेय, एवढ्यावर मानेचं ऑपरेशन होऊन गेलेले एएलएसचे रुग्ण कमी नाहीत. ऑपरेशनला हो म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारा: ईएमजी झालंय का, आणि न्यूरॉलॉजिस्टनं पाहिलंय का? बोलणं जड झालं असेल, जीभ फडफडत असेल, तर त्याचा दोष मानेवर टाकता येत नाही.

याच्या उलटही होतं. वाळलेला प्रत्येक हात एएलएसचा नसतो. तरुण मुलांमध्ये एकाच हाताचा पंजा बारीक होणारा हिरायामा नावाचा आजार आहे, तो काही वर्षांनी थांबतो. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी या नसांच्या आजारावर तर इम्युनोग्लोब्युलिनचा (शिरेतून द्यायच्या प्रतिपिंडांचा) इलाज आहे. म्हणून दुसरं मत घ्याच. इंदूरला खाजगी आणि मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत न्यूरॉलॉजिस्ट आहेत, भोपाळला एम्स आहे, बेंगळुरूला निमहान्स आहे, आणि मुंबईत नातेवाईक असतील तर रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसनं जाऊन येता येतं. पण दोन मतं जुळली की थांबा. चौथ्या मतासाठी थकलेल्या माणसाला प्रवास घडवण्यात काही हशील नाही.

फाइलमध्ये तारखेनं लावा: ईएमजीचा मूळ रिपोर्ट, एमआरआयची सीडी (नुसता कागद पुरत नाही), सगळ्या प्रिस्क्रिप्शन, दर महिन्याचं वजन, आणि कोणत्या महिन्यात काय जमेनासं झालं याची साध्या मराठीत नोंद. डॉक्टर ही नोंद सगळ्यात आधी वाचतात, असा माझा अनुभव आहे.

२. आवाज आहे तोवर

बोलणं बोबडं व्हायला लागलं की फोनचा रेकॉर्डर काढा. रोजची वाक्यं त्या माणसाच्या आवाजात साठवा: ‘पाणी दे’, ‘कूस बदल’, ‘पंखा कमी कर’, ‘आता पुरे’. जमलं तर गप्पा, शिव्या, नातवाला मारलेली हाक हेही. हे करायला लाज वाटते, रडू येतं, म्हणून पुढे ढकललं जातं. आणि जीभ थांबत नाही.

मग अक्षरफलक. डोळ्यांनी चालणारे संगणक आहेत, चांगले आहेत, पण वीज गेली, मान कलली, चष्मा चमकला की ते रुसतात. पुठ्ठ्याचा फलक कधी रुसत नाही. आमचा असा होता: पहिली ओळ स्वरांची, मग क, च, ट, त, प या वर्गांच्या पाच ओळी, शेवटी य ते ळ. विचारणारा फक्त ओळीचं नाव घेतो: “स्वर? क? च? ट?” हव्या त्या ओळीला रुग्ण डोळे वर करतो. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून. काना-मात्रा-वेलांटी सुरुवातीला सोडून द्या, बरेचसे शब्द त्याशिवाय कळतात. फलकाच्या मागच्या बाजूला तयार शब्द मोठ्या अक्षरात: लाळ, खाज, मास्क, उशी, मान, शू, गरम होतंय, दुखतंय, बाहेर जा.

यातला सापळा म्हणजे पहिल्या अक्षरावरून शब्द पुरा करून टाकणं. आईनं एकदा ‘म’ आणि ‘ठ’ दिलं. मान दुखतेय का, मोठा आवाज होतोय का, मिठी हवी का, आम्ही सुचवत बसलो. वरणात मीठ नव्हतं. दर शब्दानंतर “बरोबर?” म्हणून विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. वेळ लागतो. पाहुण्यांसमोर तर फार लागतो, आणि मग पाहुणे रुग्णाला सोडून तुमच्याशी बोलू लागतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवा.

एक गोष्ट घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. या आजारात काही जणांचं हसण्या-रडण्यावरचं नियंत्रण सुटतं. कुणाच्या तेराव्याला जोरात हसू येतं, जाहिरात बघून हुंदके. वेड लागलेलं नसतं, आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांना सांगितलं तर ते देतात, पण सांगायला हवं. काही रुग्णांच्या स्वभावात आणि निर्णयशक्तीतही बदल होतो, एखादा हट्टी किंवा बेफिकीर होतो. तसं दिसलं तर तेही कानावर घाला.

३. सही चालते तोवर कागद उरका

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, म्हणून भरभर सांगतो.

बँक: एकट्याच्या नावावरची खाती जोडखाती करून घ्या, ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीची. नॉमिनी सगळीकडे भरा. सही बंद पडली तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत सोय आहे: दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा अधिकारी, हाताच्या किंवा पायाच्याही अंगठ्याचा ठसा चालतो. शाखेत “असं होत नाही” हे ऐकायला मिळालं तर लेखी मागा.

पेन्शन असेल तर हयातीचा दाखला चेहरा ओळखणाऱ्या जीवन प्रमाण ॲपवरून घरूनच देता येतो.

मृत्युपत्र: बोलता-लिहिता येत असताना, दोन साक्षीदारांसमोर. सोबत वैद्यकीय इच्छापत्रही करा. व्हेंटिलेटर हवा की नको, गळ्याला छिद्र पाडायचं की नाही, हे स्वतः लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. हा विषय काढणं जड जातं. पण रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात दोन भावंडांनी एकमेकांकडे बघत उभं राहण्यापेक्षा हे बरं. आमच्याकडे आईनंच विषय काढला, आणि बाबा स्वयंपाकघरात निघून गेले.

दिव्यांग प्रमाणपत्र: स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज, मग जिल्ह्याच्या मेडिकल बोर्डासमोर तपासणी. लागणारे कागद:

- आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो, सही किंवा अंगठा
- पत्त्याचा पुरावा
- मध्य प्रदेशातल्या योजनांसाठी समग्र आयडी (राज्याचा कुटुंब-नोंदणी क्रमांक)
- न्यूरॉलॉजिस्टचं आजाराचं स्पष्ट नाव असलेलं पत्र, ईएमजी, एमआरआय

चाळीस टक्क्यांच्या वर प्रमाण असलं की बहुतेक सवलती लागू होतात. फार लवकर गेलात तर टक्के कमी मिळतात. आजार वाढला की पुन्हा तपासणी मागा. इंदूरच्या मराठी घरांची एक खास अडचण सांगतो. पॅनवर नवऱ्याचं नाव मधे, आधारवर मधलं नावच नाही, समग्रमध्ये ‘ळ’चा ‘ल’ झालेला, आणि जुन्या एफडीवर माहेरचं नाव. बोर्डापुढे जाण्याआधी हे जुळवून घ्या, नाहीतर अर्ज टक्क्यांवर नाही, नावावर अडतो.

आयकर: जुनी करप्रणाली निवडली असेल तर मोटर न्यूरॉन डिसीजच्या (एएलएस त्यातच मोडतो) उपचारखर्चावर वजावट आहे, १९६१ च्या कायद्यातल्या ८०-डीडीबी कलमाखाली ४०,००० रुपयांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंत. त्यासाठी चाळीस टक्के प्रमाणपत्र आणि डीएम न्यूरॉलॉजी ही पदवी असलेल्या डॉक्टरांची, नोंदणी क्रमांकासह प्रिस्क्रिप्शन लागते. अवलंबित दिव्यांग व्यक्तीसाठीची वजावट वेगळी. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा सीएला आकडा न विचारता आजाराचं नाव सांगून विचारा. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं. ते भरती झाल्यावर उपयोगी पडतं, घरातल्या मशिनींना नाही.

४. श्वास: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

श्वासाचे स्नायू आधी झोपेत हरतात. म्हणून धाप लागण्याची वाट बघू नका. सकाळी डोकं दुखणं, रात्री वारंवार जाग, वाईट स्वप्नं, दिवसा पेंग, आडवं झोपवेनासं होणं, एका दमात अर्धंच वाक्य होणं, खोकल्यात जोर नसणं, ही खरी सुरुवात असते.

दर तीन महिन्यांनी एफव्हीसी म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करून घ्या. ओठ नीट मिटत नसतील तर हवा बाजूनं निसटते आणि आकडा खोटा येतो; अशा वेळी मास्क लावून किंवा नाकातून सुंघून करायची तपासणी मागा. आकडा पन्नास टक्क्यांजवळ आला, किंवा वरची लक्षणं दिसली, की बायपॅपचा (मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा) विषय काढा. रुग्णाला आपण होऊन मशीन नको असतं, आणि डॉक्टरही कधी कधी “बघू पुढच्या वेळी” म्हणतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत, घसा फार बिघडलेला नसलेल्या रुग्णांना बायपॅपनं सुमारे सात महिने जास्त दिले. या आजारातल्या नेहमीच्या गोळीनं (रिलुझोल) दोन-तीन महिने मिळतात. तुलना करा.

दोन सापळे, दोन्ही जिवावर बेतणारे. पहिला ऑक्सिजन. दम लागतोय म्हणून शेजारी कोविडच्या वेळचा कॉन्सन्ट्रेटर आणून देतील, कॅज्युअल्टीत मास्क लावतील. एएलएसमध्ये फुप्फुसं चांगली असतात, भाता चालवणारे हात थकलेले असतात. कार्बन डायऑक्साइड आत साठत जातो आणि नुसता ऑक्सिजन दिला तर तो आणखी साठू शकतो. रुग्ण शांत झोपल्यासारखा दिसतो आणि उठत नाही. ऑक्सिजन द्यायचाच तर बायपॅपच्या जोडीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुसरा सापळा ऑक्सिमीटर. बोटावर ९६ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका, तो आकडा फार उशिरा घसरतो. कार्बन डायऑक्साइडसाठी रक्ताची एबीजी तपासणी असते.

मशीन घेताना:

- आधी भाड्यानं घ्या, मग विकत.
- घोरण्यासाठीचं सीपॅप हे वेगळं मशीन. आपल्याला बायपॅप हवं, आणि रुग्णानं श्वास घेतला नाही तरी स्वतःहून श्वास देणारा मोड असलेलं. प्रेशर डॉक्टर ठरवतील, विक्रेता नाही.
- मास्क दोन प्रकारचे ठेवा आणि आलटून पालटून लावा. नाकाच्या हाडावर लाल डाग दिसला त्याच दिवशी पट्टी लावा. तिथे जखम झाली की मास्क लावणंच बंद पडतं.
- सवय दिवसा लावा, टीव्ही बघताना अर्धा तास. पहिल्याच रात्री आठ तास कुणालाच जमत नाही.
- चांगला इन्व्हर्टर, आणि मशिनीची बॅटरी मिळत असेल तर तीही. जूनच्या पहिल्या वादळात इंदूरची वीज कशी जाते ते तुम्हाला माहीतच आहे. तक्रारीचा नंबर १९१२.
- हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग पलंगाला टांगलेली असावी आणि घरातल्या दोघांना ती वापरता यावी.

कफ आणि लाळ यांत फरक करा. पातळ लाळ गळत असेल तर ती कमी करायच्या गोळ्या किंवा थेंब मिळतात, पण त्याच औषधानं कफ चिकट होतो. म्हणून घशात घरघर आहे की ओठांतून गळतंय, हे डॉक्टरांना नीट सांगा. लाळ-कफ ओढून घेणारं सक्शन मशीन लवकर घ्या. इंदूरच्या दवा बाजारातल्या सर्जिकलच्या दुकानांत मिळतं. तोंडाच्या आत गालाच्या बाजूनं नळी फिरवायची, घशात खोल खुपसायची नाही. नर्सकडून एकदा समोर करून घ्या.

५. घास

चहाचा ठसका ही पहिली घंटा. पातळ पदार्थ घट्ट पदार्थांपेक्षा धोक्याचे असतात, हे पटायला वेळ लागतो. पाणी, चहा, पातळ वरण झपकन घसरतं आणि चुकीच्या वाटेला जातं. भुरभुरणारंही वाईट. आपले सकाळचे पोहे, वर शेव: कोरडे कण, मधेच दाणा, तोंडात गोळा होत नाही. इंदूरकराचे पोहे काढून घेणं क्रूर आहे, पण यादीत पहिलं तेच. दोन रूपांचे पदार्थही टाळा, म्हणजे दूध-पोळी किंवा फोडी असलेली पातळ भाजी. पातळ भाग आधी पळतो, तुकडा मागे राहतो.

चालतं ते एकजीव, घट्टसर आणि ओलसर: तूप घातलेला मऊ भात-वरण मिक्सरमधून काढून, नाचणीची दाट आंबील, श्रीखंड, केळ्याचं शिकरण घोटून, भुट्ट्याचा कीस दुधात शिजवून आणि मग घोटून, दाट दही. पाणी घट्ट करायची पावडर मेडिकलमध्ये मिळते. गोळी दह्यातून द्या.

ताठ बसवा, हनुवटी किंचित छातीकडे, छोटा चमचा, एक घास पूर्ण गिळल्यावरच दुसरा. त्या वेळी टीव्ही बंद, गप्पा बंद. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. गिळणं शिकवणारे स्पीच थेरपिस्ट असतात, एकदा तरी दाखवा.

वजन दर आठवड्याला करा. एएलएसमध्ये वजन उतरणं वाईट असतं. “मधुमेह नाही ना, मग तूप कशाला तोडता” असं आमच्या डॉक्टरांनी बाबांना बरंच सुनावलं होतं. इथे पथ्य उलटं आहे: तूप, साय, लोणी, दाण्याचं कूट घोटून.

पोटातली नळी, म्हणजे पेग, ही पुढची पायरी, आणि तिचीही मुदत आहे. एफव्हीसी पन्नास टक्क्यांच्या खाली जायच्या आत ती बसवणं सुरक्षित. लोक ठसका असह्य होईपर्यंत थांबतात, तोवर श्वास इतका कमी झालेला असतो की भूल देणारे कचरतात. नळी बसवली म्हणजे तोंडानं खाणं बंद, असंही नाही. चवीपुरतं श्रीखंड चाटवता येतं. औषध, पाणी आणि पोट भरणं नळीवर. नाकातली रायल्स ट्यूब थोड्या दिवसांसाठी ठीक, पण ती मास्कच्या आड येते.

नळीची काळजी: देताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोक्याकडचा भाग उंच. आधी आणि नंतर पाण्यानं धुवा. घरचं अन्न द्यायचं तर मिक्सरमधून काढून गाळणीनं गाळून. गोळ्या बारीक पूड करून, एकेक करून. ज्या गोळ्या फोडायच्या नसतात त्या डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. नळी अडली तर कोमट पाणी हळूहळू, जोर नको. निघाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल. छिद्र काही तासांत मिटायला लागतं.

६. उचलणं, कूस, आंघोळ

काखेत हात घालून किंवा दंड धरून ओढू नका. स्नायू नसलेला खांदा निखळतो आणि ते दुखणं शेवटपर्यंत पुरतं. कमरेला बांधायचा रुंद पट्टा, घसरवायची सरकती चादर, आणि वजन जास्त असेल तर पेशंट लिफ्ट. फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून घरातल्या प्रत्येकाकडून पलंग-ते-खुर्ची एकदा करून घ्या. तुमची पाठ गेली तर दोन रुग्ण होतात.

हात अधू असलेला माणूस पडताना स्वतःला सावरू शकत नाही, सरळ तोंडावर आपटतो. म्हणून पाऊल लोंबायला लागलं की पायाचा स्प्लिंट, मान पडायला लागली की कॉलर, आणि “अजून चालता येतंय” असं असतानाच लांबच्या अंतराला व्हीलचेअर.

सामानाची यादी, साधारण ज्या क्रमानं लागतं तशी: जाड मुठीचा चमचा, बाथरूममध्ये धरायचे दांडे, कमोड खुर्ची, मागे रेलणारी आणि डोक्याला आधार असलेली व्हीलचेअर, डोकं-पाय वर होणारा पलंग, हवेची गादी, आणि बिनतारी बेल. बेलचं बटण हातातच असायला हवं असं नाही. हात गेले तर पायाशी, पाय गेले तर गालाशी बांधा. सगळं विकत घेऊ नका. पलंग आणि खुर्च्या भाड्यानं, ओळखीत, संस्थांकडे मिळतात.

दर दोन तासांनी कूस. स्पर्श शाबूत असतो, म्हणून चादरीची एक सुरकुती, कानाची दुमडलेली पाळी, करंगळीखाली अडकलेली नळी यांचा प्रचंड त्रास होतो आणि सांगता येत नाही. कूस बदलल्यावर रोज त्याच क्रमानं बघा: कान, खांदा, कोपर, नितंब, गुडघ्यांच्या मधे उशी, टाच.

आंघोळ कोण घालणार हे रुग्णाला विचारा. आईला मी घातलेली चालणार नव्हती, सुनेकडून संकोच, बाबांकडून तर नाहीच. बाहेरची बाई तिला बरी वाटली. घरच्यांना त्यात थोडं लागलं, पण अंग तिचं होतं.

७. सांभाळणारी माणसं

आपल्याकडे हा भार न बोलता एका बाईवर जातो. बायको, सून, नाहीतर लग्न न झालेली मुलगी. बाकीचे ‘मदत’ करतात. कागदावर वेळा लिहा, रात्रीसुद्धा. बायपॅपच्या रात्री तुटक झोपेच्या असतात, त्याच माणसाला सलग जागवलं तर तिसऱ्या आठवड्यात घरात भांडण होतं, आणि भांडणाचा विषय भलताच असतो. जे लांब राहतात त्यांनाही काम द्या. आमची ताई पुण्याहून औषधांच्या ऑर्डरी, विमा आणि डॉक्टरांच्या वेळा हे सगळं बघायची. त्यामुळे तिचे “असं का नाही केलं?” हे फोन आपोआप बंद झाले.

एजन्सीकडून अटेंडंट घेताना ‘ट्रेन्ड’ या शब्दावर जाऊ नका. आमच्याकडे आलेल्या एका मुलानं सक्शन मशीन पाहिलंही नव्हतं. पहिले काही दिवस घरचं माणूस सोबत हवंच. सगळ्या सूचना हिंदीत लिहून भिंतीवर लावा, आणि अक्षरफलक त्यांच्यासाठी वेगळा करा.

भेटायला येणाऱ्यांना काम सांगा. “तासभर बसा, आम्ही बाजारात जाऊन येतो” हे म्हणायला शिका. आईच्या भजनी मंडळातल्या बायका येऊन तिच्या खोलीतच भजन म्हणायच्या. तेवढा वेळ माझी बायको झोपायची.

सांभाळणाऱ्याला झोप न येणं, चिडचिड, ‘सुटावं एकदा’ असं मनात येणं, हे सगळं होतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. पॅलिएटिव्ह केअरच्या (आजाराचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरांनाही लवकर गाठा. त्यांचं नाव काढलं की लोकांना वाटतं शेवट आला. खरं तर वेदना, लाळ, झोप, भीती यांत सगळ्यात जास्त मदत त्यांचीच होते, आणि दम कोंडल्याच्या भावनेवर अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन तेच नीट देतात. मुंबईची ‘आशा एक होप फाउंडेशन’ ही संस्था एएलएसच्या कुटुंबांसाठीच काम करते.

८. औषधं आणि जाहिराती

रिलुझोल १९९५ पासून वापरात आहे, भारतात स्वस्त पर्यायांसह मिळतं. रिकाम्या पोटी, जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी. सुरुवातीच्या महिन्यांत यकृताच्या तपासण्या. एडारावोन सलाइनमधून देतात. त्याचा फायदा कुणाला होईल हे डॉक्टरांशी स्पष्ट बोलून, खर्च आणि दवाखान्याच्या खेपा मोजून ठरवा. टोफरसेन हे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध फक्त एसओडी-१ या जनुकात दोष असलेल्यांसाठी आहे, म्हणून घराण्यात आणखी कुणाला असा आजार असेल तर जनुक-तपासणीबद्दल विचारा. पायात गोळे येणं, आखडणं, बद्धकोष्ठ यांवर साधी औषधं आहेत, ती मागून घ्या.

स्टेम सेलवाल्यांचे फोन येतीलच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारात स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखांचं पॅकेज सांगितलं की तिथेच फोन ठेवा. मालिश, आयुर्वेद, पूजा यांवर घरात वाद घालू नका; रुग्णाला बरं वाटत असेल तर मालिश होऊ द्या. फक्त तोंडातून जाणारं प्रत्येक चूर्ण आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, कारण रिलुझोलचा ताण यकृतावर असतोच.

९. फ्रीजवर लावायचा कागद

अर्ध्या पानाचा, हिंदी आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. १०८ ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी आणि कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरनं एएलएसचा रुग्ण पाहिलेला असेलच असं नाही. त्यावर लिहा:

- नाव, वय, आजार, रक्तगट, ॲलर्जी
- ‘फक्त ऑक्सिजन देऊ नये, बायपॅप सोबत आहे’, आणि त्याचं प्रेशर
- ‘सपाट झोपवू नये’
- ‘बोलता येत नाही, सगळं समजतं, डोळे वर म्हणजे हो’
- तोंडानं काही देऊ नये. पेग आहे, त्याचा आकार
- चालू औषधं
- वैद्यकीय इच्छापत्र आहे, प्रत बॅगेत
- न्यूरॉलॉजिस्ट आणि छातीचे डॉक्टर यांचे नंबर

बॅग दाराजवळ: बायपॅप आणि मास्क नेण्याची पिशवी, एक्स्टेन्शन बोर्ड, अंबू बॅग, अक्षरफलक, फाइलची झेरॉक्स, आयुष्मान किंवा विम्याचं कार्ड. ॲम्ब्युलन्समध्ये रुग्णाजवळ तोच बसेल ज्याला फलक वाचता येतो. बाकीचे मागून गाडीनं.